वेष, कंठ आणि भाषा : फ्रेडी मर्क्युरी यांच्या गायनाविषयी

फ्रेडी मर्क्युरी या नावाने जगप्रसिद्ध झालेल्या गायकाचे शालेय शिक्षण पाचगणी येथे झाले, ही गोष्ट आता महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. तिचा उल्लेख आपल्याकडे बहुधा अभिमानाने होतो आणि तेथेच थांबतो. गायक 'आपला' होता एवढे म्हटले की त्याच्याविषयीचे कर्तव्य पार पडले, अशी सर्वसाधारण समजूत दिसते. वस्तुतः विचाराला प्रारंभ तेथून व्हावयास हवा. ज्याची मातृभाषा गुजराती, ज्याच्या वसतिगृहाभोवतीच्या बाजारात मराठी, आणि ज्याच्या वर्गात केवळ इंग्रजी, अशा मुलाची सात-आठ वर्षे सह्याद्रीच्या माथ्यावर गेली. पुढे त्याने जे गाइले त्यात या भूमीचे नेमके काय उतरले? सुरावट, लय, शब्द, की उच्चार? अथवा यांपैकी काहीच नाही? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार भाषेच्या अंगाने करावयाचा आहे. उत्तर अभिमानाला पोषक निघेलच असे नाही.

प्रथम परंपरेविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. १९७०च्या आसपास इंग्लंडमध्ये रॉक गायकांनी झगमगीत पोशाख, चेहऱ्यास रंग, उंच टाचांची पादत्राणे आणि स्त्रीपुरुषभेद पुसट करणारा अभिनय यांचा स्वीकार केला. या प्रकारास 'ग्लॅम रॉक' असे नाव मिळाले. हाच वेष पुढे अधिक कर्कश गिटार आणि अधिक उंच पट्टीचा कंठ यांच्याशी जोडला गेला, आणि १९८० नंतरच्या दशकात लॉस एंजेलिस शहरी 'ग्लॅम मेटल' हा संप्रदाय फोफावला. मॉट्ली क्रू, पॉयझन ही त्यातील ठळक नावे. काटेकोर वर्गीकरण केल्यास मर्क्युरी या दुसऱ्या संप्रदायाचे गायक नव्हेत. ते त्याचे पूर्वसूरी होत. त्यांच्या 'क्वीन' या वाद्यवृंदाने १९७४ साली ध्वनिमुद्रित केलेले 'स्टोन कोल्ड क्रेझी' हे अतिद्रुत गीत मेटालिका या वाद्यवृंदाने १९९० मध्ये पुन्हा गाइले, आणि त्या गायनास मेटल या प्रकारातील ग्रॅमी पारितोषिक मिळाले. मर्क्युरी यांच्या मृत्यूनंतर २० एप्रिल १९९२ रोजी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर जी आदरांजली सभा भरली तीत गन्स अँड रोझेस, डेफ लेपर्ड, एक्स्ट्रीम हे सर्व वाद्यवृंद गाऊन गेले. नव्या संप्रदायाने आपले ऋण त्या दिवशी उघडपणे मान्य केले, असे म्हणण्यास हरकत नाही.

पुरुषाने वेष धारण करून उंच स्वरात गावे आणि हजारोंनी ते तन्मयतेने ऐकावे, ही घटना मराठी रसिकाला परकी वाटण्याचे कारण नाही. बालगंधर्वांच्या शालू-नथीची चर्चा त्यांच्या गायनाइतकीच होत असे. तथापि दोहोंत एक भेद आहे व तो पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. बालगंधर्वांचा वेष परका होता, म्हणजे स्त्रीचा होता. परंतु त्यांची भाषा श्रोत्यांच्या घरातील होती. रुक्मिणी असो की भामिनी, ती मराठीच बोले. मर्क्युरी यांच्या बाबतीत वेषाचे हे तत्त्व भाषेपर्यंत पोहोचले. त्यांनी भाषाही पोशाखाप्रमाणे चढविल्या आणि उतरविल्या. या लेखाचे मुख्य प्रतिपादन हेच आहे.

फारूख बलसारा यांचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबार बेटावर एका पारशी कुटुंबात झाला. वडील बोमी हे ब्रिटिश वसाहतीच्या सरकारी नोकरीत होते. मुलाला वयाच्या आठव्या-नवव्या वर्षी शिक्षणासाठी पाचगणीच्या सेंट पीटर्स या शाळेत धाडण्यात आले. मुंबईहून तिकडे जाणाऱ्याचा नेहमीचा मार्ग त्या काळी आगगाडीने बोरघाट चढून खंडाळा-लोणावळ्यावरून मावळ ओलांडीत पुण्यास आणि तेथून मोटारीने वाईवरून पसरणीच्या घाटाने वर, असा होता. लोणावळा, खंडाळा, माथेरान, महाबळेश्वर, पाचगणी या सर्व गावांची भाषिक घडण एकाच धर्तीची आहे. इंग्रजांनी हवा खाण्यासाठी वसविलेल्या या ठिकाणी बंगल्यात व शाळेत इंग्रजी बोलली जाई, हिशेब गुजराती दुकानदार ठेवी, आणि ओझी वाहणारा, दूध घालणारा, घोडा धरणारा मनुष्य घाटमाथ्याची मराठी बोले. तिन्ही भाषा एका रस्त्यावर नांदत. पण एकीचे काम दुसरी करीत नसे. भाषाशास्त्रात अशा व्यवस्थेला क्षेत्रविभागणी म्हणतात. मुलाच्या दृष्टीने पाहिले तर तिचा अर्थ साधा होता: घरी पत्र लिहावयाची भाषा एक, नोकराला हाक मारावयाची दुसरी, आणि चार लोकांपुढे उभे राहून गावयाची तिसरी. ही तिसरी इंग्रजीच असे.

शाळेत फारूखचा 'फ्रेडी' झाला. तो पियानो शिकला, चौथ्या इयत्तेपर्यंतची परीक्षा उत्तीर्ण झाला, प्रार्थनागीतांच्या वृंदात गायला, नाटकांतून कामे केली. १९५८ मध्ये पाच विद्यार्थ्यांनी 'द हेक्टिक्स' नावाचा वाद्यवृंद उभारला. येथे एक गोष्ट नोंदविली पाहिजे, कारण अभिमानाच्या भरात ती नेहमी गाळली जाते. या वाद्यवृंदाचा प्रमुख गायक फ्रेडी नव्हता. ते स्थान ब्रूस मरे या विद्यार्थ्याचे होते. फ्रेडी पियानो वाजवी. म्हणजे ज्या कंठासाठी जग पुढे वेडे झाले त्या कंठाचा पाचगणीस मुख्यत्वेकरून शोध लागला, असे म्हणता येत नाही. तेथे त्याला मिळाले ते निराळे: स्वरलिपीची ओळख, अनेक कंठ एकावर एक रचण्याची वृंदगानातील रीत, आणि शब्दान्ती व्यंजन न गिळण्याची शिस्त. वृंदात गाणाऱ्या मुलाला पहिली ताकीद हीच असते, की सर्वांचा अन्त्य 'ट' व 'स' एकाच क्षणी पडावा. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'च्या मध्यभागी जो कंठांचा डोंगर उभा राहतो त्यात ही शिस्त ऐकू येते. अर्थात, ती पाचगणीचीच असे सिद्ध करता येत नाही; इंग्लंडमधील कोणत्याही चर्चमध्ये ती मिळू शकली असती.

पुढे मुलगा १९६३ मध्ये झांझिबारला परतला. जानेवारी १९६४ मध्ये त्या बेटावर क्रांती झाली आणि बलसारा कुटुंब इंग्लंडला गेले. तेथे ईलिंगच्या कलाशाळेत त्यांनी आलेखन कलेचा अभ्यास केला. १९७० मध्ये ब्रायन मे व रॉजर टेलर यांच्याबरोबर 'क्वीन'ची स्थापना झाली. जॉन डीकन हे पुढील वर्षी आले. याच सुमारास आडनाव बदलले.

या बदलाकडे चरित्रकार एक गंमत म्हणून पाहतात. भाषाभ्यासकाला ते करता येणार नाही. 'बलसारा' हे आडनाव गावावरून पडले आहे. आपण ज्याला वलसाड म्हणतो आणि इंग्रज बलसार म्हणत, ते गाव. मराठीत '-कर' लावून जे साधते ते येथे '-आ' या प्रत्ययाने साधले आहे. अशा आडनावाचा अर्थ 'अमुक ठिकाणचा' एवढाच असतो. त्याच्या जागी आलेले 'मर्क्युरी' हे नाव रोमन देवतेचे, ग्रहाचे आणि पाऱ्याचे आहे. तिन्ही अर्थांत स्थिरता नाही. पहिल्या ध्वनिमुद्रिकेतील 'माय फेअरी किंग' या गीतातील एका ओळीवरून हे नाव घेतले गेले, असे ब्रायन मे यांनी सांगितले आहे. स्वतःच लिहिलेल्या गीतातून स्वतःचे आडनाव काढणे म्हणजे गावाचा निर्देश पुसून तेथे कल्पनेचा निर्देश करणे होय. 'सेव्हन सीज ऑफ ऱ्हाय' (१९७४) या गीतातील राज्य नकाशावर नाही, हेही याच वृत्तीशी जुळते. ठिकाणाचा शोध घेत त्यांच्याकडे जाणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी आधीच चकवा देऊन ठेवला आहे.

कंठाविषयी पुष्कळ अतिशयोक्ती प्रचलित आहे. चार सप्तकांची मजल असल्याचे छातीठोकपणे सांगितले जाते. २०१६ मध्ये ऑस्ट्रियन संशोधक ख्रिस्तियन हेर्ब्स्ट व त्यांचे स्वीडनमधील सहकारी यांनी ध्वनिमुद्रिका व मुलाखती यांचे मोजमाप प्रसिद्ध केले. त्यांना चार सप्तकांचा पुरावा मिळाला नाही. जी मजल मोजता आली ती ३७ अर्धस्वरांची, म्हणजे तीन सप्तके व वर एक अर्धस्वर इतकी होती. बोलण्याच्या स्वराची मध्यम कंपनसंख्या सेकंदास सुमारे ११७ निघाली. त्यावरून हा कंठ मुळात मध्यम जाडीचा पुरुषी कंठ असावा, त्यांना तारस्वरी गायक म्हणून ओळखले जात असले तरी, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. याचा अर्थ, ज्या उंचीवर ते गात ती उंचीही एका परीने धारण केलेली होती. मोजमापात आणखी दोन गोष्टी आढळल्या. स्वरावरील कंप सेकंदास सुमारे ७ आंदोलनांचा, म्हणजे अभिजात पाश्चात्त्य गायकांच्या सर्वसाधारण कंपाहून द्रुत, आणि शिवाय अनियमित होता. दुसरी गोष्ट त्यांच्या स्वरातील खरखरीची. मर्क्युरी हयात नसल्यामुळे त्यांच्या शैलीचे अनुकरण करणाऱ्या एका रॉक गायकाच्या कंठाचे अतिवेगवान चित्रण करण्यात आले. त्यात खऱ्या स्वरतंतूंबरोबर त्यांच्या वरच्या बाजूच्या, एरवी स्तब्ध राहणाऱ्या, पडद्याही कंप पावताना दिसल्या. एकाच कंठातून दोन आवर्तने निघतात आणि कानाला ती 'खर' म्हणून जाणवतात.

ग्लॅम मेटलच्या पुढील गायकांनी नेमकी ही उंची आणि ही खर उचलली. पण मर्क्युरी यांच्याजवळ तिच्याखेरीज जे होते ते उचलणे त्यांना जमले नाही, असे प्रस्तुत विवेचनाचे मत आहे. त्या संप्रदायात गायक पहिल्या अक्षरापासून वरच्या पट्टीत असतो व शेवटपर्यंत तेथेच राहतो. त्यामुळे उंची ही घटना न राहता हवामान होते. मर्क्युरी कुजबुजीच्या जवळून प्रारंभ करतात. 'किलर क्वीन' (१९७४) ऐकावे: प्रत्येक स्पर्श व्यंजन सुटे, प्रत्येक घर्षक धारदार, जणू चहाच्या मेजावरील संभाषण चालू आहे. त्यांच्या वरच्या जबड्यात चार दात अधिक होते आणि त्यामुळे पुढील दात पुढे आले होते, हे सर्वविदित आहे. दात काढल्यास आवाज बिघडेल या भीतीने त्यांनी उपचार टाळला. ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने ही भीती अवास्तव असावी, कारण कंठाचा पोत दातांवर अवलंबून नसतो. परंतु 'फ', 'व', 'स' या वर्णांचे स्थान दाताओठांशीच असते. ज्याला ओठ मिटताना श्रम पडतात तो मनुष्य ओष्ठ्य व दंतोष्ठ्य वर्णांकडे इतरांहून अधिक लक्ष देतो, असे अनुमान करण्यास जागा आहे.

आता उच्चाराकडे वळू. १९८३ मध्ये पीटर ट्रडगिल यांनी ब्रिटिश गायकांच्या उच्चारावर एक निबंध प्रसिद्ध केला, तो या विषयावरील मूलभूत लेखनात गणला जातो. बोलताना इंग्रज असणारे हे गायक गाताना अमेरिकन होतात, हे त्यांनी दाखविले: शब्दमध्यगत 'ट' मृदू होतो, स्वरानंतरचा 'र' वाजू लागतो, 'आय' या संयुक्त स्वराचा 'आ' होतो. कारण असे, की ज्या लोकांचे ते संगीत आहे त्या लोकांसारखे होण्याची गायकाला ओढ असते. मर्क्युरी यांना हा नियम लावून पाहिल्यास तो लागतो आणि लागत नाही. 'क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह' (१९७९) मध्ये ते एल्व्हिस प्रेस्ली होतात, तेही इतके हुबेहूब की अनुकरणाची खूण मुद्दाम राखलेली कळावी. 'सीसाइड रॉन्देव्हू' (१९७५) मध्ये जुन्या इंग्रजी संगीतशाळेतील विदूषक अवतरतो. इतर गायक एक परका उच्चार घेतात आणि तोच आपला मानून आयुष्य काढतात. मर्क्युरी यांच्याजवळ उच्चारांची पेटी होती व प्रसंग पाहून ते त्यातून एकेक काढीत. मुलाखतींत बोलताना मात्र त्यांचा उच्चार सुशिक्षित दक्षिण-इंग्लंडचा असे. त्यात आपल्याकडील मूर्धन्य 'ट-ड'चा ठसा जाणवत नाही.

जे उच्चारांचे तेच भाषांचे. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'त अरबी 'बिस्मिल्ला' आहे, इटालियन उद्गार आहेत, इटालियन प्रहसनातील पात्राचे नाव आहे. १९७८ च्या 'जॅझ' या ध्वनिमुद्रिकेचा प्रारंभच 'मुस्तफा' या गीताने होतो; त्यात अरबी, फारसी, इंग्रजी आणि निव्वळ बनावट शब्द यांची खिचडी असून आरंभीचा आलाप अजानची आठवण करून देणारा आहे. हे गीत कलाकृती म्हणून दुर्बळ आहे. त्यातील परकेपणा खेळण्यासारखा हाताळला आहे आणि ऐकणाऱ्यास विनोदापलीकडे काही मिळत नाही. परंतु प्रस्तुत प्रश्नापुरती त्याची साक्ष मोलाची आहे. ज्या बेटावर दिवसातून पाच वेळा अजान होई आणि जेथील स्वाहिली भाषा अरबी शब्दांनी भरलेली, त्या बेटावर या गायकाचे पहिले बालपण गेले. म्हणजे कोणत्या भूमीचा नाद त्यांच्या गीतांत आलाच असेल, तर तो झांझिबारचा दिसतो, सह्याद्रीचा नव्हे. लता मंगेशकर यांचे गाणे त्यांना आवडे असे सांगितले जाते, आवडतही असेल. त्यांच्या रचनांत मात्र त्याची निःसंदिग्ध खूण दाखविता येत नाही. पाश्चात्त्य कंठातील प्रत्येक हरकतीत भारतीय मुरकी ऐकण्याची जी सवय आपल्याकडे जडली आहे, तिला संशोधन म्हणता येणार नाही.

१९८७ मध्ये माँसेरात काबाये या स्पॅनिश गायिकेबरोबर 'बार्सेलोना' गाताना त्यांनी इंग्रजीस स्पॅनिशची जोड दिली. पण या सर्वांहून बोलका प्रसंग २७ जुलै १९८६ चा आहे. त्या दिवशी बुडापेस्टच्या मैदानावर त्यांनी एक हंगेरियन लोकगीत गाइले. भाषा ठाऊक नव्हती, म्हणून शब्द तळहातावर लिहून घेतले होते आणि गाताना ते उघडपणे तळहाताकडे पाहत. लोकांनी मैदान डोक्यावर घेतले. न कळणाऱ्या भाषेचे वर्ण तळहातावर घेऊन तो हात जनसमुदायासमोर धरणे हा वेषधारणेचाच प्रकार झाला, आणि वेष कबूल करूनही श्रोत्यांना जिंकता येते याचे हे उदाहरण होय.

ज्या गायकाने हंगेरियन तळहातावर घेतली त्याने गुजराती कधी गाइली नाही, हिंदी नाही, मराठीही नाही. शब्द आठवत नव्हते असे कारण गुजरातीच्या बाबतीत देता येत नाही. ती घरातील भाषा होती. हे मौन लज्जेचे होते, असे काही चरित्रकार सुचवितात. ब्रिटनमध्ये त्या दशकांत आशियाई वंशाच्या माणसास जे सोसावे लागे ते ध्यानात घेतल्यास या तर्कात तथ्य असेल. परंतु तो पुरेसा नाही. भाषा ज्याच्या दृष्टीने वेष आहे त्याला मातृभाषा वापरता येत नाही, कारण ती वेष होऊ शकत नाही. हंगेरियन गाताना गायक सुरक्षित असतो. तळहात पुसला की संपले. गुजरातीचा एक शब्द उच्चारला असता तर त्याच्यामागे बलसारा हे आडनाव, आईची हाक, वसतिगृहातून लिहिलेली पत्रे हे सर्व आले असते, आणि ते उतरवून ठेवण्याची सोय नव्हती. यासाठी केवळ इंग्लंडला जबाबदार धरणेही बरोबर होणार नाही. देशी भाषा गाण्याच्या जागी आणावयाची नसते हा धडा त्या मुलाने घाटमाथ्यावरील वसतिगृहातच गिरविला होता. पाचगणीचे जे ऋण आपण अभिमानाने सांगतो त्याच्या दुसऱ्या बाजूस हे लिहिलेले आहे.

येथे मावळाकडे पाहिल्यास तुलना स्पष्ट होते. लोहगड, विसापूर, राजमाची, तुंग, तिकोना या किल्ल्यांच्या मुलखात मोठ्या आवाजाच्या गायनाची स्वतंत्र परंपरा आहे. तुळशीदासाने तानाजीचा पोवाडा रचला तो ज्या मावळ्यांच्या पराक्रमावर, त्यांच्याच वंशजांपुढे शाहिराला उघड्यावर, वाऱ्यात, मायक्रोफोनशिवाय गावे लागे. डफ, तुणतुणे आणि मंजिरी एवढाच सरंजाम. त्यामुळे पोवाड्याची ओळ श्वासाच्या लांबीने बांधलेली असते. तीत घटना पुढे सरकते, आणि ओळ संपताच झीलकरी 'जी' हा वर्ण उचलून लांबवितात. तेवढ्यात शाहीर श्वास घेतो. 'ई' हा संवृत स्वर असल्याने तो दूर पोहोचणार नाही असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु त्याची वरची ध्वनिपट्टी ज्या कंपनसंख्येच्या आसपास असते तेथे मनुष्याचा कान विशेष तीक्ष्ण असतो, म्हणून तो डफाच्या गजरातूनही निसटून वर येतो. ही निवड कोणा शास्त्रज्ञाने केलेली नाही. ती मैदानाने केली आहे.

१३ जुलै १९८५ रोजी वेम्ब्ली येथे 'लाइव्ह एड'च्या सभेत सुमारे ७२,००० श्रोत्यांपुढे मर्क्युरी यांनी गीत थांबवून केवळ स्वरांची हाक दिली आणि श्रोत्यांनी ती परत केली. तेथे शब्द नव्हते. 'ए' आणि 'ओ' हे स्वर होते, कधी दीर्घ, कधी गिरकी घेतलेले. ही हाक म्हणजे झीलच, असे म्हणण्याचा मोह होईल. तो आवरला पाहिजे. झील ही मजकुराच्या आधाराने उभी असते: तानाजी कड्यावर चढला, ही गोष्ट सांगून झाल्यावर 'जी' येते. वेम्ब्लीची हाक कशाच्याही शेवटी येत नाही. तिच्यात सांगितले असे काही नाही, आणि म्हणूनच ती कोणत्याही भाषेच्या मनुष्याला देता आली. सारे वेष उतरल्यावर या गायकाजवळ जे उरले ते भाषेच्या अलीकडचे होते, निव्वळ स्वर. त्यांच्या गायनातील सर्वांत प्रामाणिक क्षण कोणता असे विचारल्यास, शब्दांवर इतकी मेहनत घेतलेल्या या गायकाच्या बाबतीत शब्दहीन क्षणाकडे बोट दाखवावे लागते. वीस-एकवीस मिनिटांच्या त्या कार्यक्रमात झगमगीत पोशाखही नव्हता. साधी विजार व बिनबाह्यांचा सदरा होता.

आपल्याकडे या परंपरेचे अनुयायी झालेच नाहीत असे नाही. मुंबईत १९८४ मध्ये 'रॉक मशीन' हा वाद्यवृंद निघाला. उदय बेनेगल हे त्याचे गायक. 'रॉक अँड रोल रेनेगेड' (१९८८) आणि 'द सेकंड कमिंग' (१९९०) या त्याच्या ध्वनिमुद्रिका स्वरचित इंग्रजी गीतांच्या होत्या, ही त्या वेळी धाडसाची गोष्ट होती. कारण महाविद्यालयीन श्रोत्यांना प्रसिद्ध परदेशी गीतांच्या नकलाच हव्या असत. १९९३ मध्ये या वाद्यवृंदाने 'इंडस क्रीड' असे नाव घेतले. बलसारा यांनी ठिकाण पुसणारे नाव घेतले, यांनी वीस वर्षांनी ठिकाण सांगणारे घेतले. दिशा उलटी, पण नावातच प्रश्न सोडविण्याची रीत तीच. १९९५ ची ध्वनिमुद्रिका या नव्या नावाने निघाली, १९९७ मध्ये वाद्यवृंद विसर्जित झाला आणि २०१२ मध्ये 'इव्हॉल्व्ह' घेऊन परतला. या गायनाचा उच्चार ट्रडगिल यांच्या नियमाला धरून, म्हणजे अमेरिकन वळणाचा आहे. बेनेगल यांचा कंठ कसदार आहे यात शंका नाही. परंतु घाट चढून गेल्यावर भेटणाऱ्या श्रोत्याला हा वेष म्हणूनच ऐकू येतो, आणि तो वेष आहे याची कबुली गायकाकडून मिळत नाही. बुडापेस्टच्या तळहातातील मोकळेपणा येथे नाही.

मर्क्युरी यांचे अखेरचे गायन वेगळ्या कोटीतील आहे. ९ ऑगस्ट १९८६ च्या नेबवर्थ येथील कार्यक्रमानंतर ते 'क्वीन'सह पुन्हा मैदानात उतरले नाहीत. १९९१ च्या 'इन्युएन्डो' या ध्वनिमुद्रिकेत शरीर खंगलेले असूनही कंठ शाबूत आहे, आणि उच्चारांची पेटी बहुतेक मिटलेली आहे. एकच उच्चार, स्वतःचा. 'द शो मस्ट गो ऑन' हे गीत मे यांनी प्रामुख्याने रचले. त्यातील वरचे स्वर गाइले जातील की नाही याची त्यांना शंका होती, आणि मर्क्युरी यांनी ते गाऊन दाखविले. येथे उंची ही पुन्हा घटना झाली आहे. २०१८ मध्ये निघालेल्या चित्रपटाने या गीतांना नवे श्रोते मिळवून दिले. त्यात पाचगणीला जवळजवळ स्थान नाही याबद्दल आपल्याकडे खेद व्यक्त झाला. वरील विवेचन मान्य केल्यास तो खेद अनाठायी ठरतो, कारण गायकाने स्वतःच ते स्थान ठेवले नव्हते.

२४ नोव्हेंबर १९९१ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले. तीन दिवसांनी पारशी धर्मगुरूंनी जरथुष्ट्री विधीप्रमाणे अंत्यसंस्कार केले. त्या प्रार्थनांची भाषा अवेस्ता होती.